भोंगा पंचमावरून षड्जावर उतरतो तेव्हा

शेजारशेजारच्या रुळांवरून दोन गाड्या समोरासमोर येत आहेत. एकीत आपण बसलो आहोत, दुसरीचा भोंगा वाजतो आहे. दोघींचा वेग सेकंदाला ३४ मीटर, ताशी सुमारे १२२ किलोमीटर. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर आणि भोंग्याची कंपनं सेकंदाला ४०० धरू.

भोंगा स्थिर असता तर हवेत दर ८५ सेंटिमीटरवर एक लाट असती. पण गाडी स्वतःच्याच लाटांमागे धावते, त्यामुळे पुढच्या बाजूला हे अंतर साडेशहात्तर सेंटिमीटरवर येतं. आपल्या धावण्यानं त्या लाटांची लांबी बदलत नाही. आपण फक्त त्यांना सामोरे जातो, म्हणून त्या आपल्याला सेकंदाला ३७४ मीटर वेगानं भेटतात. भागाकार करा: ४८९ कंपनं! गाड्या एकमेकींना ओलांडतात आणि तोच स्वर ३२७ वर कोसळतो. या दोन संख्यांचं गुणोत्तर जवळजवळ ३:२, म्हणजे पंचम आणि षड्ज. दोन इंजिनं नुसती आपापल्या वाटेनं जातात आणि हवेत प-सा उमटतो, याचं मला अपार नवल वाटतं. फलाटावर उभं राहून ऐकलं तर स्वर जेमतेम गंधाराएवढाच उतरला असता.

आता आपल्याच गाडीचा भोंगा ऐका. इंजिन पुढे पळतं म्हणून मागे लाटा ताणल्या जातात, पण मागच्या डब्यातले आपण तितक्याच वेगानं त्यांच्यात शिरतो. कानावर येतात पुरती ४००.

ख्रिस्तियान डॉप्लर यांनी १८४२ साली प्राग इथं ही कल्पना मांडली, ती जोडताऱ्यांच्या रंगांसाठी. १८४५ मध्ये बाइज बॅलट यांनी हॉलंडमध्ये रेल्वेगाडीवर तुतारीवादक बसवून ती ध्वनीवर पडताळली.

तरी खरी गंमत पुढेच आहे. स्थिर भोंग्याकडे आपण ध्वनीच्या वेगानं गेलो, तर कंपनं दुप्पट होतील, अचूक तार षड्ज. उलट भोंगाच त्या वेगानं आपल्याकडे आला, तर लाटांमधलं अंतर शून्य होऊन त्या सगळ्या एकावर एक चढतील. दोघांमधला वेग तोच, परिणाम मात्र सर्वस्वी वेगळा! कारण नेमकं कोण हललं, हे हवेच्या संदर्भात ठरतं. प्रकाशाला असं माध्यमच लागत नाही. म्हणून आइन्स्टाइन यांच्या १९०५ च्या सूत्रात दोन वेग नाहीत, दोघांमधला एकच सापेक्ष वेग आहे.