उभ्या वाहनाच्या बॅटरीची निगा

चेन्नईतील तिरुवल्लिकेणी हा भाग मरीना किनाऱ्यालगत आहे. तेथील हवा दमट व खारी असून उन्हाळ्यात काही दिवस पारा ४० अंशांच्या आसपास जातो. अशा हवामानात कित्येक आठवडे उभ्या राहिलेल्या मोटारीची बॅटरी वापराविनाच उतरते. शिसे-आम्ल बॅटरीचा आपोआप उतरण्याचा वेग तापमानातील दर १० अंश सेल्सिअस वाढीमागे साधारणतः दुप्पट होतो. शिवाय घड्याळ व कुलूप यंत्रणा थोडी वीज घेतच राहतात. उतरलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक साचतात आणि तिची क्षमता कायमची घटते.

यास्तव वाहन दीर्घकाळ उभे करण्यापूर्वी बॅटरी पूर्ण चार्ज करावी. नंतर ऋण टोकाची तार सोडावी. टोके स्वच्छ पुसून त्यांवर गंजरोधक पेट्रोलियम जेली लावावी. पूर्ण चार्ज बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो, तो १२.४ व्होल्टच्या खाली गेल्यास हवेशीर जागी चार्जर लावावा. इंजिन केवळ पाच मिनिटे चालविणे हा त्यावरील उपाय नव्हे.

हंगाम संपल्यावर उभ्या राहणाऱ्या ट्रॅक्टरलाही हेच नियम लागू पडतात. ऐन पेरणीत ट्रॅक्टर सुरू झाला नाही, तर वाफसा त्याच्यासाठी थांबत नाही.