खापर, चिठ्ठी आणि सोयरीक

विद्यापीठ म्हटले की सामान्य गृहस्थाच्या डोळ्यांपुढे परीक्षा, पदवी आणि निकालाचा कागद एवढ्याच गोष्टी उभ्या राहतात, आणि त्यात त्याचा फारसा दोषही नाही. कारण विद्यापीठाशी त्याचा संबंध येतो तो बहुधा कचेरीच्या खिडकीपुरता, आणि त्या खिडकीपलीकडची माणसे वर्षानुवर्षे कशात गढलेली असतात हे सांगण्याची तसदी पलीकडच्यांनीही क्वचितच घेतलेली असते. पुण्याच्या येरवडा भागातील डेक्कन कॉलेज हे या दृष्टीने मोठे बोलके उदाहरण आहे. तेथे अध्यापन होते, पदव्याही मिळतात, १९९० पासून त्या संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जाही आहे. पण तिचा खरा संसार चालतो तो एकमेकांशी वरकरणी काडीचाही संबंध नसलेल्या विद्यांचा आणि त्या विद्या सांभाळणाऱ्या तितक्याच भिन्न प्रकृतीच्या माणसांचा.

संस्थेचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगण्याजोगा आहे. पेशवाईच्या अस्तानंतर, १८२१ साली, ‘दक्षिणा फंडा’तून विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. तिचेच पुढे पूना कॉलेज आणि १८६४ च्या सुमारास डेक्कन कॉलेज झाले, आणि सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीच्या बळावर १८६८ साली ते नव्या जागी गेले. कीलहॉर्न आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर येथे संस्कृत शिकवीत. टिळक येथेच शिकले. १९३४ साली मुंबई सरकारने काटकसरीच्या नावाखाली कॉलेज बंद केले, तेव्हा माजी विद्यार्थ्यांनी प्रकरण न्यायालयापर्यंत नेले आणि अखेर १९३९ च्या ऑगस्टात दरवाजे पुन्हा उघडले ते पदव्युत्तर संशोधनसंस्था म्हणून. सरकारच्या त्या हुकुमाने नकळत उपकारच केला असे म्हणावेसे वाटते. कारण नव्या संस्थेत माणसे नेमली गेली ती तासांच्या वेळापत्रकातील रिकाम्या जागा भरण्यासाठी नव्हे, तर एकेका विषयाचा ठाव घेण्यासाठी.

भाषाशास्त्राचे सुमित्र मंगेश कत्रे, पुरातत्त्वाचे हसमुख धीरजलाल सांकलिया, समाजशास्त्राच्या इरावती कर्वे आणि मराठ्यांच्या इतिहासाचे त्र्यंबक शंकर शेजवलकर ही त्या पहिल्या पिढीतील मंडळी. बर्लिनमध्ये मानवी कवटीच्या विषमतेवर प्रबंध लिहून आलेल्या इरावतीबाई आणि लंडनहून गुजरातच्या पुरातत्त्वावर पदवी घेऊन आलेले सांकलिया १९४४ च्या सुमारास गुजरातेतील लांघणज येथे एकत्र गेले. तेथे गारगोटीच्या इवल्याशा हत्यारांबरोबर माणसांचे सांगाडे निघाले, तेव्हा दगड ओळखणाऱ्याला हाडे ओळखणारीची किती गरज असते हे सिद्ध झाले. पुढे लंडनचे झॉयनर हे भूस्तरांचे जाणकार तेथील माती वाचण्यास आले, आणि सापडलेल्या गेंड्याच्या खांद्याच्या हाडावरील टवके पाहून त्या हाडाचा ऐरणीसारखा उपयोग होत असावा असे त्यांनी दाखवून दिले. जेथे आज गेंडा स्वप्नातही येणार नाही अशा त्या रेताड मुलखात एकेकाळी पाणी आणि गवत मुबलक होते, हे त्या एका हाडाने सांगितले. पण ते सांगणे ऐकू येण्यासाठी तीन निरनिराळ्या विद्यांचे कान लागले.

याच पद्धतीचा परिपाक पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातील इनामगावी दिसतो. घोड नदीच्या काठच्या पांढरीवर १९६८ पासून १९८३ पर्यंत बारा हंगाम उत्खनन चालले, आणि इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांचे एक अख्खे खेडे मातीतून वर आले. घराच्या जमिनीखालीच मृतांना पुरण्याची त्यांची चाल होती. लहान मूल गेले तर दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवीत, आणि प्रौढाला उत्तरेकडे डोके करून निजवताना त्याचे पाय घोट्याखाली तोडीत. पाच खोल्यांच्या एका घराच्या अंगणात तर चार पायांच्या कच्च्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसवलेला पुरुष सापडला. धान्याचे कोठार शेजारीच असल्यामुळे ते घर गावच्या मुखियाचे असावे असा तर्क झाला.

परंतु इनामगावचे माहात्म्य या विस्मयकारक गोष्टींत नाही. इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास तेथील ऐसपैस चौकोनी घरे जाऊन त्यांच्या जागी लहान गोल झोपड्या का आल्या, हा खरा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर एकट्या पुरातत्त्वज्ञाच्या आवाक्यातले नव्हते. मधुकर केशव ढवळीकरांनी हवामान कोरडे होत गेल्याची जी उपपत्ती मांडली, तिच्यामागे शरद राजगुरूंनी तपासलेले नदीचे थर होते, मु. द. काजळे यांनी जळक्या दाण्यांतून ओळखलेले जव आणि गहू होते, पी. के. थॉमस यांनी वेगळी केलेली जनावरांची हाडे होती. अमेरिकेहून आलेले जॉन लुकाच दातांवरून त्या माणसांचा आहार ताडीत होते, आणि कोळशाचे तुकडे आधी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत व नंतर अहमदाबादच्या प्रयोगशाळेत जाऊन त्यांचे वय ठरत होते. शिवाय ज्यांची नावे मुखपृष्ठावर येत नाहीत असे नकाशे काढणारे, छायाचित्रकार, खापरांवर शाईने क्रमांक घालणारे मदतनीस आणि मातीचा रंग पालटताच हात आवरणारे आसपासच्या गावांतील मजूर यांच्यावाचून हे सारे पांडित्य अधांतरीच राहिले असते. विद्यापीठातील संशोधकांची गणना करताना आपण प्राध्यापकांपाशी थांबतो, हा आपल्या हिशेबातला ढोबळ प्रमाद आहे.

पुरातत्त्वाचा हंगाम हिवाळ्यात सुरू होऊन उन्हाळ्यात संपतो. त्याच आवारात असे एक काम चालले आहे की ज्याचा हंगाम पिढ्यांनी मोजावा लागतो. कत्र्यांनी १९४८ साली संस्कृतच्या ऐतिहासिक महाकोशाचा मनसुबा रचला. ऋग्वेदापासून अर्वाचीन काळापर्यंतचे सुमारे १५०० ग्रंथ वाचून, त्यांतील प्रत्येक महत्त्वाच्या शब्दाचे अवतरण स्थळासह एकेका चिठ्ठीवर उतरवून घेण्यातच पंचवीस वर्षे गेली; चिठ्ठ्यांची संख्या कोटीच्या घरात पोचली, आणि पहिला भाग छापून बाहेर पडला तो १९७६ साली, अमृत माधव घाटगे यांच्या संपादकत्वाखाली. त्यानंतर अनेक भाग निघाले, तरी कोश अद्याप पहिल्या अक्षरापाशीच आहे. हे ऐकून हसू येते खरे. पण 'अङ्क' हा एकच शब्द घ्या. त्याचा अर्थ मांडी, खूण, संख्येचे चिन्ह आणि नाटकाचा विभाग असा पालटत जातो, आणि कोणता अर्थ केव्हा, कोणाच्या ग्रंथात उदयास आला हे लावायचे तर व्याकरण, ज्योतिष, नाट्यशास्त्र आणि वैद्यक जाणणारी निरनिराळी माणसे एका मेजाभोवती बसावी लागतात. दरसाल कामाचा जमाखर्च मागणाऱ्यांना अशा माणसांपुढे कोणता तक्ता ठेवावा हे सुचत नाही, आणि न सुचलेलेच बरे.

शेजवलकरांचा बाज याहून निराळा. साताऱ्याचा, मराठेशाहीच्या कागदपत्रांचा पारसनीस संग्रह १९३९ मध्ये या आवारात आला, आणि मोडी दप्तरांच्या सहवासात रमणाऱ्या या फटकळ विद्वानाने १९४६ साली पानिपतावरील आपला इंग्रजी ग्रंथ सिद्ध केला. तो पांडित्याच्या शिष्टाचाराची फारशी पर्वा न करणारा माणूस होता; विद्यापीठाने असे एखादे माणूस पदरी बाळगावेच.

इरावतीबाईंचा मुलूख मात्र माणसांनी गजबजलेला. अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्र जाणणाऱ्या वि. म. दांडेकरांना बरोबर घेऊन त्यांनी महाराष्ट्रातील निरनिराळ्या जातींच्या शरीरमापांचा ग्रंथ १९५१ साली काढला, आणि १९५३ साली भारतातील आप्तसंबंधांवरील प्रसिद्ध ग्रंथात देशाचे उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे विभाग कल्पून प्रत्येक भाषेतील नात्यांच्या संज्ञांची मांडणी केली. मामाच्या मुलीशी लग्न कोठे चालते आणि कोठे पाप ठरते, हे घराघरांतील बायकांना ठाऊकच होते. त्यातून भाषा, प्रदेश आणि विवाह यांचा परस्परसंबंध उलगडणे हे बाईंचे कर्तृत्व.

गेल्या काही वर्षांत याच संस्थेतील भाषाशास्त्राची मंडळी मराठीच्या बोलींच्या सर्वेक्षणासाठी जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरत आहेत. त्यांच्या प्रश्नावलीत व्याकरणाच्या खाणाखुणांबरोबर घरातली नातीही आहेत: दिराला, जावयाला, सुनेला तुमच्याकडे काय म्हणतात, असे विचारून उत्तर ध्वनिमुद्रित केले जाते आणि गावागावाचे शब्द नकाशावर मांडले जातात. इरावतीबाईंच्या याद्या आणि हे नकाशे शेजारी ठेवून बसणारा समाजशास्त्रज्ञ तेवढा आता हवा आहे.