पिल्लाची पारख आणि पिल्लाचे दप्तर

शहादा तालुक्यातील सारंगखेडा येथे, तापीच्या काठी, दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा जो विख्यात बाजार भरतो, तेथे जाणते गिऱ्हाईक घोड्याचे दात पाहून वय ताडते, अंगावरचे भोवरे निरखते, चाल तपासते आणि मगच किमतीची गोष्ट काढते. परंतु नंदुरबार जिल्ह्यातला असा एखादा चोखंदळ गृहस्थ मुलांच्या हट्टापायी लॅब्रॅडॉरचे अगर जर्मन शेफर्डचे पिल्लू आणावयास निघाला, म्हणजे त्याची ही सारी विद्या कुचकामी ठरते. कारण येथे जे पाहावयाचे ते पिल्लाच्या अंगावर दिसतच नाही. पार्वो या विषाणूचा संसर्ग झाल्यापासून वांती व रक्तमिश्रित जुलाब सुरू होईपर्यंत बहुधा तीन ते सात दिवस जातात, आणि तेवढ्या अवधीत ते बागडणारे पिल्लू विक्रेत्याच्या अंगणातून खरेदीदाराच्या ओसरीवर येऊन पोहोचलेले असते.

यासाठीच १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक अधिनियमान्वये केंद्र सरकारने २०१७ साली श्वानपैदास व विक्रीविषयक नियम जारी केले. पैदासकाराने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी, जनावरांचे व विक्रीचे दप्तर ठेवावे, अठरा महिन्यांच्या आतील मादीची वीण घेऊ नये, आठ आठवड्यांपूर्वी पिल्लू विकू नये, विकण्यापूर्वी त्यास मायक्रोचिप बसवावी, आणि आहाराचा तपशील, लसी व जंतनाशकाच्या तारखा व पशुवैद्याचे नाव खरेदीदारास लेखी द्यावे, असा त्यांचा दंडक आहे. घरच्या कुत्रीची पिल्ले विकणारे पुष्कळसे लोक स्वतःस पैदासकार मानीतच नाहीत, ही गोष्ट निराळी.

खरेदीदारही भुलतो तो केनेल क्लबच्या वंशावळीला. वास्तविक तो कागद कुळाची साक्ष देतो, प्रकृतीची नव्हे. आठ आठवड्यांच्या पिल्लाविषयी “सगळ्या लसी झाल्या” असे कोणी छातीठोकपणे सांगू लागला, तर तेथेच सावध व्हावे : आईकडून लाभलेली प्रतिकारद्रव्ये कोवळ्या वयात लसीचा प्रभाव रोखू शकतात, म्हणून साधारणतः सोळाव्या आठवड्यापर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने मात्रा द्याव्या लागतात, आणि रेबीजची लस तर सामान्यतः तिसऱ्या महिन्याच्या सुमारास टोचतात. लसीकरण पुस्तिकेत लसीच्या कुपीवरील चिठ्ठी, तीवर बॅच क्रमांक व मुदतीची तारीख, आणि शेजारी पशुवैद्याची सही व नोंदणी क्रमांक, एवढे असेल तरच ती पुस्तिका. नुसत्या निळ्या शाईच्या तारखा कोणीही घालू शकतो.

एवढे करूनही फसगत झालीच, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार गुदरता येते, आणि मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास त्यास शुल्कही पडत नाही. मात्र तेथे पुरावा लागतो. म्हणून रोख रक्कम घेऊन पावतीस टाळाटाळ करणाऱ्याकडून पिल्लू घेऊच नये, आणि घेतलेले पिल्लू दुसऱ्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवून तेथला तारीखवार दाखला त्या पावतीस जोडून ठेवावा.