भेट द्या, पण हुद्दा विचारून!

संक्रांत जवळ आली की आपल्या डोक्यात एकच विचार असतो. यंदा वाण काय लुटायचं? वाट्या झाल्या, डबे झाले, गाळणीसुद्धा झाली! पण मैत्रिणींनो, बहुतेक वर्षी संक्रांत येते त्या १४ जानेवारीलाच आता माजी सैनिक दिन पाळतात, हे तुमच्या लक्षात आलंय का? फील्डमार्शल करिअप्पा १९५३ साली याच तारखेला निवृत्त झाले, म्हणून हा दिवस. आपल्यापैकी कितीतरी जणींचे वडील नाहीतर सासरे फौजेतले. त्यांच्या हातावर नुसता तिळगूळच का ठेवायचा?

गेल्या वर्षी मी ठरवलं, आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, घडीचा चाकू द्यायचा. अमेरिकेत माजी सैनिकांना नाव, पलटण आणि सेवेची वर्षं कोरलेला असा चाकू आवर्जून देतात. फौजी माणसाचं आणि घडीच्या चाकूचं नातं जुनंच आहे. स्वित्झर्लंडच्या कार्ल एल्सनर यांनी १८९१ साली आपल्या देशाच्या सैनिकांना असे चाकू पुरवले, डबे उघडायला आणि बंदुकीचे स्क्रू काढायला. पुढे १९०९ मध्ये त्यांची आई वारली, तेव्हा त्यांनी तिचंच नाव, व्हिक्टोरिया, कारखान्याच्या मालाला दिलं. मला तर ही गोष्ट फारच आवडली.

सासूबाईंना मात्र पटेना. "अगं, सुरी कुणी भेट देतं का? नातं तुटतं!" आपल्याकडे सुरी हातात देतसुद्धा नाहीत, खाली ठेवतात. पण यावर तोडगा आहे. पाश्चात्त्य देशांत चाकू घेणारा एक नाणं परत देतो. म्हणजे ती भेट नाही, खरेदी झाली! आबांकडून रुपया घेईन, असं कबूल केल्यावर सासूबाई हसल्या.

शिसवी मुठीचा, पितळी पट्टी बसवलेला छान चाकू मिळाला. भांड्यांवर नावं घालून देणाऱ्याकडून पट्टीवर मोठ्या हौसेनं कोरून घेतलं, 'मेजर', त्यापुढे आबांचं नाव, खाली 'मराठा लाईट इन्फंट्री'. साताऱ्याकडे फौजेतून आलेल्या कुणालाही 'मेजर'च म्हणतात. लहानपणापासून मी तेच ऐकलेलं.

आबांनी चष्मा लावला, वाचलं, चाकू मिटला आणि माझ्यापुढे जमिनीवर ठेवला. "पोरी, गल्लीत मेजर म्हणतात ते मायेनं. मी हवालदार म्हणून निवृत्त झालो. जो हुद्दा मिळवला नाही, तो लावायचा नाही. आणि माझी पलटण कुठंय?"

मला रडूच कोसळलं. पंच्याहत्तरीच्या माणसानं एवढं मनावर घ्यावं का, असंही वाटून गेलं. मग रात्री आईनं ट्रंकेतून आबांचं डिस्चार्ज बुक काढून दाखवलं. १ मराठा, म्हणजे 'जंगी पलटण'. डिसेंबर १९७१ मध्ये जमालपूरहून निसटू पाहणाऱ्या पाकिस्तानी सैन्याची वाट याच पलटणीनं रात्रभर रोखून धरली होती. आबा तेव्हा एकवीस वर्षांचे साधे शिपाई. त्यांच्या शेजारचे काहीजण त्या रात्रीनंतर घरी आलेच नाहीत. खोटा हुद्दा त्यांना का टोचला, ते मला तेव्हा कळलं.

पट्टी बदलून घेतली. 'हवालदार', नाव, '१ मराठा लाईट इन्फंट्री, जमालपूर १९७१'. या वेळी आबांनी बराच वेळ अंगठा फिरवला, काही बोलले नाहीत. मग कोपरीच्या खिशातून रुपया काढून माझ्या हातावर ठेवला.

तुम्हालाही असा चाकू द्यायचा असेल तर या गोष्टी जपा:

हुद्दा, पलटणीचा क्रमांक आणि वर्षं डिस्चार्ज बुकातूनच उतरून घ्या. ऐकीव माहितीवर जाऊ नका.

पातं तीन इंचांच्या आसपास पुरे. उघडल्यावर ते जागी अडकणारं असावं, म्हणजे बोटांवर मिटत नाही. सांधे धरलेल्या हाताला सहज उघडतंय ना, हे दुकानातच पाहा. बटण दाबताच उघडणारा चाकू नको.

लिंबू, कैरी चिरल्यावर पातं लगेच धुऊन कोरडं करावं. बिजागरीत अधूनमधून शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडावा.

विमानानं जाताना चाकू हातातल्या पिशवीत चालत नाही, चेक-इनच्या बॅगेत ठेवावा.

आबांच्या चाकूनं आता रोज दुपारी नातवासाठी पेरू कापला जातो. चाकूला हात लावायची परवानगी मात्र नातवाला अजून नाही! आणि तो रुपया? तो माझ्या शिवणाच्या डब्यात, बटणांच्या पुडीत जपून ठेवलाय.