भूक नाही म्हणणारी मुलगी
उस्मानपुऱ्यातल्या एखाद्या घरी वयात येणारी मुलगी ‘पोट जड वाटतं’ म्हणत महिनोन्‌महिने ताट बाजूला सारते, तेव्हा आधी पित्ताचंच औषध येतं. पण हा ॲनोरेक्सिया नर्व्होसा, म्हणजे अन्न टाळण्याचा मानसिक आजारही असू शकतो. भारतात नोंदवलेल्या त्याच्या अनेक रुग्णांनी लठ्ठपणाची भीती बोलून दाखवलेलीच नाही, म्हणून निदान निसटतं. असं न जेवणं हा हट्ट नव्हेच! सुमारे १७ हजार रुग्णांच्या २०१९ च्या जनुकीय अभ्यासात या आजाराचं मनोविकारांसोबत चयापचयाशीही नातं दिसलं. किशोरवयात, जेवणाची सूत्रं काही काळ आईवडिलांकडे सोपवणारी कुटुंबाधारित उपचारपद्धती विशेष उपयोगी ठरली आहे. मात्र फार खंगलेल्या मुलीला एकदम भरपूर खाऊ घालू नका; रक्तातलं फॉस्फेट घसरून हृदय धोक्यात येतं. आधी घाटी रुग्णालयात रक्त आणि ईसीजी तपासून घ्या, सोबत मानसोपचारतज्ज्ञांनाही दाखवा.