बावन्नाव्या वर्षी डोंगरी सायकल

“ही घ्या, खास लेडीज. पुढे टोपली आहे, भाजी आणायला बरी,” दुकानदार म्हणाला, आणि तेही माझ्याकडे न बघता ह्यांच्याकडे बघून! वास्तविक पैसे माझे, पाय माझे आणि हौसही माझीच. हे बिचारे मला स्कूटरवरून सोडायला तेवढे आले होते. मी म्हटले, “भाजी आमच्या कोपऱ्यावर मिळते. मला टेकडी चढायची आहे.” दुकानदाराने पुन्हा ह्यांच्याकडे पाहिले. ह्यांनी पंख्याकडे पाहिले.

पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. 1990 च्या सुमारास मीही रोज सायकलवरूनच कॉलेजला जात असे. पुढे लग्न, नोकरी आणि स्कूटर ह्या क्रमाने सारे यथासांग झाले, आणि जिन्याखालची ती सायकल एका दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याकडे गेली. त्या दिवशी काही वाटले नव्हते. पण गेल्या वर्षापासून सकाळी टेकडीवर फिरायला जाताना जाड टायरांच्या सायकलींवरून मुरमाचा चढ चढणारी मुले-मुली दिसू लागली आणि मन तिथेच घोटाळू लागले. भिशीचे 20,000 रुपये हातात होते. घरात विषय काढला तेव्हा सगळे हसले. फक्त मुलगा हसता हसता थांबला आणि म्हणाला, “आई, पडलीस तर?”

तो प्रश्न मलाही पडलेला होताच. पुन्हा 20,000 जमायला दोन वर्षे लागणार, आणि मोडलेले हाड जुळायला ह्या वयात किती लागेल कोण जाणे. तेव्हा जी सायकल घ्यायची ती पारखूनच.

टोपलीची सायकल नाकारल्यावर दुकानदाराने दुसरे टोक गाठले. लालभडक रंगाची, पुढे स्प्रिंग, मागे सीटखाली आणखी एक जाडजूड स्प्रिंग, आणि किंमत 17,500. दिसायला झोकदार! मी ती उचलून पाहिली, तर तांदळाचे पोते. आमचे घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. शिवाय स्वस्तातली मागची स्प्रिंग खड्ड्यात जेवढी दबते तेवढीच दर पायडलालाही दबते. म्हणजे चढावर आपण लावलेल्या जोराचा हिस्सा ती आधी खाणार आणि उरलेला चाकाला देणार. चांगल्या दुहेरी स्प्रिंगची सायकल असते, पण तिच्या किमतीत आमचे स्वयंपाकघर नव्याने होईल.

ही डोंगरी सायकल मुळात जन्माला आली तीच स्प्रिंगेशिवाय. अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यात, 1970 नंतरच्या दशकात काही तरुण जुन्या, जाड टायरांच्या सायकली भंगारातून काढून डोंगरावरून खाली पळवू लागले. एका उतारावर 1976 साली त्यांनी शर्यतीच सुरू केल्या. त्या उताराचे नाव ‘रीपॅक’, कारण खाली येईतो मागच्या चाकातल्या ब्रेकचे ग्रीस तापून जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. मग 1977 मध्ये जो ब्रीझ ह्याने ह्याच कामासाठी खास सांगाडा बनवला. झटके शोषणारे पुढचे चिमटे सर्रास दिसू लागले ते 1990 नंतर. ही हकिकत वाचली आणि माझ्या मनातला गोंधळ निवळला. त्या पोरांना अडचण झाली ती ब्रेकची!

म्हणून पुढच्या रविवारी दुसऱ्या दुकानात मी एकटीच गेले. तिथला मुलगा तरुण होता. त्याने आधी माझी उंची विचारली. पाच फूट दोन इंच. त्याने सायकल पुढ्यात धरून मला नळीच्या दोन्ही बाजूंना पाय टेकून उभे राहायला सांगितले. नळी आणि शरीर ह्यांत निदान दोन इंच तरी मोकळे हवे, कारण चढावर मध्येच पाय टेकावा लागतो. मोठ्या मापाच्या सायकलीवर ते जमेना, लहान मापाच्या सायकलीवर जमले. सीटची उंची त्याने टाचेने ठरवली: पायडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ व्हावा. मग चवडा ठेवला की गुडघा आपोआप किंचित वाकलेला राहतो. माझे गुडघे एवढ्यानेच निम्मे राजी झाले. कॉलेजात दोन्ही पाय जमिनीला टेकतील एवढी खाली सीट ठेवून मी इतकी वर्षे त्यांचे हाल केले, हे आज कळले.

एकवीस गिअरांचे मला मोठे अप्रूप होते. पण एकवीस म्हटले म्हणजे चढ सोपा, असे नाही. पुढच्या सर्वांत लहान चक्राचे दात कमी हवेत आणि मागच्या सर्वांत मोठ्या चक्राचे जास्त. मी खाली बसून बोटाने दात मोजले, तेव्हा तो मुलगा प्रथमच आदराने माझ्याकडे पाहू लागला. एकीला मागे 28 होते, दुसरीला 34. पुढचे दोघींचेही 24. चढणाऱ्या माणसाला हा सहा दातांचा फरक फार मोठा आहे.

सायकल फिरवून बघायची तर लायसन्स ठेवून जा, एवढीच त्याची अट. दुकानापुढच्या डांबरी रस्त्यावर कोणतीही नवी सायकल गुळगुळीतच चालते. मी ती थेट टेकडीच्या पायथ्याच्या मुरमाच्या वाटेवर नेली. पहिल्या दगडांवर दात वाजले. टायरांत हवा दगडासारखी भरली होती. परत येऊन, टायरच्या कडेला छापलेली मर्यादा बघून, ती 35 पौंडांवर आणली आणि तीच वाट मऊ वाटू लागली. स्प्रिंगेवर हजारो रुपये घालण्याआधी हवा सोडून पाहावी, ती फुकट असते. मग उतार. पुढचा ब्रेक मी एका बोटाने हळूहळू दाबत गेले, आणि सायकल थांबेना! पोटात गोळा आला. कसेबसे पाय घासत उभी राहिले.

“नव्या डिस्क ब्रेकची पट्टी चकतीवर बसावी लागते,” मुलगा म्हणाला. “वीसेक वेळा वेग घेऊन दाबा, मग बघा.” मी तरीही ऐकले नाही. वीस वेळा दाबून पुन्हा त्याच उतारावर गेले. ह्या वेळी चाक धरले. दातांचे प्रकरण चढावर पाहिले, चढ सुरू व्हायच्या आधीच गिअर बदलून. ऐन चढावर, पायावर सगळा जोर असताना बदलला की चेन कडकड करते, कधी उतरतेही.

एका मुलाने 12,000 ला जुनी सायकल दाखवली होती, तिचाही मोह होता. घरची लोखंडी फूटपट्टी नेऊन चेनवर धरली. बारा कड्या म्हणजे बरोबर बारा इंच व्हायला हव्यात, ह्या चांगल्या एक अष्टमांश इंच पुढे गेल्या होत्या. चेन एवढी ताणली म्हणजे मागचे दातेही झिजलेले असणार. चाक फिरवले तर तेही आऊट. दुरुस्तीचा हिशोब मांडल्यावर स्वस्ताई संपली.

शेवटी घेतली ती 34 दातांची, पुढे एकच साधी स्प्रिंग असलेली, राखाडी रंगाची, 16,200 ला. उरलेल्या पैशांत हेल्मेट, पंप, एक जादा ट्यूब आणि कुलूप आले. टोपली नाही.

पहिल्या आठवड्यात तिसऱ्या वळणावर उतरून ढकलत नेली. महिन्याने तारा सैल पडल्या तेव्हा त्या मुलाने फुकट आवळून दिल्या. गेल्या रविवारी पाचव्या वळणावर उतरले. एकदा मुरमावर घसरून पडलेही. कोपर खरचटले, ते लांब बाह्यांच्या ब्लाउजमध्ये झाकून नेले. ह्यांना ते दिसले असावे. बोलले काही नाहीत, फक्त दुसऱ्या दिवशी माझ्या हेल्मेटशेजारी हातमोज्यांची एक जोडी ठेवलेली होती.