साल आणि लाकूड : दोन साक्षी
(लेखांक ७ वा)

परतूर तालुक्यातील आष्टी (बीडची अथवा वर्ध्याची नव्हे) हे गोदावरीच्या उत्तरेकडील काळ्या जमिनीच्या मुलखातले गाव. आणि अशा मुलखात बांधाबांधावर उभी असणारी बाभूळ हा आजच्या विवेचनास फार सोयीचा नमुना होय. बाभळीचा ओंडका आडवा कापला असता बाहेर काळपट, उभ्या भेगांनी चिरलेली साल, तिच्या आत पांढुरके लाकूड आणि त्याच्याही आत तांबूस, जड गाभा असे तीन भाग नुसत्या डोळ्यांना दिसतात. साल व लाकूड यांच्या सीमेवर ऊतककर नामक जिवंत पेशींचा अत्यंत पातळ थर असतो आणि आतल्या अंगास प्रकाष्ठ, म्हणजे लाकूड, व बाहेरच्या अंगास परिकाष्ठ, म्हणजे अंतर्साल, अशी दुहेरी निर्मिती तो वृक्षाच्या अंतापर्यंत करीत राहतो. लाकूड साठत जाते. साल मात्र खोडाच्या वाढत्या घेराने ताणली जाऊन फाटते, तिच्यातील त्वक्षेचे, म्हणजे बुचाचे, जुने पदर मरून आत नवे तयार होतात, आणि वृक्षाच्या बालपणीचा दाखला लाकडात शाबूत राहतो तसा सालीत बहुधा राहत नाही.

गाडीचा तुंबा व आरे यांसाठी सुतार गाभाच पसंत करतो, त्यास सबळ कारण आहे. पांढऱ्या लाकडातील जिवंत पेशींत पिष्टाचा साठा असतो व तो किड्यांस प्रिय. गाभ्यातील त्याच पेशी मरताना पिष्ट नाहीसे होऊन त्या जागी रंजक व संरक्षक द्रव्ये भरली जातात. बाभळीचे ओंडके काही काळ पाण्यात बुडवून ठेवण्याची जुनी रीत याच कारणाने सार्थ ठरते, कारण त्यायोगे पांढऱ्या लाकडातील पिष्ट घटते. पुस्तकी विद्येचा आधार नसताना हे ज्यांनी ताडले त्यांच्या निरीक्षणाचे मला नेहमीच कौतुक वाटत आले आहे. सालीचा उपयोग निराळा : तीत टॅनिन शेकडा १२ ते २० असते आणि कातडी कमावण्याच्या धंद्यात, तरवडाच्या सालीप्रमाणेच, तिला मोठी मागणी असे.

परंतु वृक्षाची ओळख पटविण्याचा प्रश्न आला म्हणजे या दोन साक्षीदारांची जबानी जुळतेच असे नाही. कडूनिंब आणि बकाणनिंब हे एकाच कुळातले, पानांवरून सामान्य माणसाची गफलत व्हावी इतके सारखे. लाकूड कापून भिंगाखाली धरावे तो भेद उघड होतो. बकाणनिंब हिवाळ्यात पूर्ण निष्पर्ण होतो आणि पालवीच्या वेळी त्यास एकदम पुष्कळ पाणी वर चढवावे लागते. म्हणून प्रत्येक वलयाच्या आरंभी मोठ्या वाहिन्यांची रांगच आढळते, जशी सागातही आढळते. कडूनिंबाची छाया सहसा सर्वस्वी मोडत नाही व त्याच्या वाहिन्याही वलयभर विखुरलेल्या असतात.

अर्जुन व ऐन यांची तऱ्हा याच्या नेमकी उलट. अर्जुनाची साल फिकट, गुळगुळीत, मोठे पातळ पापुद्रे टाकणारी. ऐनाची काळसर, जाड, मगरीच्या पाठीसारखी चौकटी-चौकटींनी तडकलेली. एक नदीनाल्यांच्या काठचा, दुसरा वणव्यांची सवय असलेल्या पानगळीच्या रानातला, आणि मृत सालीचे जाड कवच धारण करणे दुसऱ्याच्याच हिताचे. लाकूड मात्र दोघांचे इतके सारखे की वाहिन्यांभोवतीच्या मऊ पेशींची मांडणी पाहूनही निर्णय करणे कठीण जाते. गॅम्बल यांनी १८८१ साली हिंदुस्थानातील इमारती लाकडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला, पुढे १९०६ साली डेहराडून येथे वनसंशोधन संस्था स्थापन झाली व तेथे चौधरी यांच्यासारख्या अभ्यासकांनी लाकडाच्या सूक्ष्म रचनेचे शास्त्र या देशात रुजविले. तरीही ही अडचण संपलेली नाही. जुन्या वाड्याच्या तुळईचा तुकडा तपासणाऱ्याने, साल शिल्लक नसेल तर, दफ्तरी 'टर्मिनालिया' एवढेच, दोघांस समान असलेले, वंशनाम नोंदवून थांबावे हे बरे.

सागाच्या वलयांचा हिशेब पुढील लेखांकी.